ताटावरचं बंड: हवाईची राणी काअहुमानू

सत्ता हाती आलेल्या बायकांबद्दल आपण बोलतो आहोत. आज आपल्याला प्रशांत महासागराच्या मधोमध जायचं आहे, हवाई बेटांवर. जगाच्या नकाशावर ही बेटं म्हणजे निळ्या कागदावर सांडलेले दाणे. जवळचा मोठा भूभाग कॅलिफोर्निया, आणि तोही साधारण ३,८०० किलोमीटर लांब.

मी सुरुवात एका जेवणापासून करते. साल १८१९, महिना नोव्हेंबर. आपल्याकडे पेशवाई बुडून दीड वर्षही झालेलं नव्हतं. हवाई बेटावरच्या कैलुआ गावी राजाने मोठी मेजवानी ठेवली होती. गोऱ्या लोकांच्या पद्धतीने टेबलं मांडली होती. एक पुरुषांचं, एक बायकांचं. राजा लिहोलिहो, विशी-बाविशीचा पोरगा, काही महिन्यांपूर्वी गादीवर आलेला. तो उठला, टेबलांभोवती फिरला, आणि एकदम बायकांच्या टेबलावर जाऊन बसला. बसला आणि जेवायला लागला. भराभर, घाईघाईने, जणू धीर सुटायच्या आत उरकायचं आहे.

जमलेले लोक ओरडू लागले: ‘आई नोआ, आई नोआ’. म्हणजे मोकळं जेवण, बंधन नसलेलं जेवण. जेवण संपल्यावर हुकूम सुटला, की देवळं पाडा आणि मूर्ती जाळा.

राजा जेवला खरा, पण त्याला त्या टेबलापर्यंत आणणारी एक बाई होती. काअहुमानू तिचं नाव. तिच्या भाषेत ‘अहु’ म्हणजे अंगावर घ्यायचा झगा आणि ‘मानू’ म्हणजे पक्षी. पक्ष्यांच्या पिसांचा झगा, जो तिथे फक्त राजघराण्यातल्या माणसांनी पांघरायचा. आजचं बोलणं तिच्याबद्दल.

कापू म्हणजे काय

राजाने बायकांबरोबर जेवण्यात एवढं काय होतं, हे कळायला ‘कापू’ हा शब्द समजून घ्यावा लागेल. कापू म्हणजे पवित्र, आणि कापू म्हणजे निषिद्ध. दोन्ही अर्थ एकाच शब्दात. आपल्याकडच्या सोवळ्या-ओवळ्याची आठवण येईल, पण इथे शिक्षा फार कडक होती. कापू मोडणाऱ्याला जीव गमवावा लागे.

थोर सरदाराची सावली अंगावर पडू द्यायची नाही, हा कापू. अमुक काळात मासेमारी करायची नाही, हाही कापू. आणि रोजच्या जगण्यात सगळ्यात जास्त जाणवणारा कापू जेवणाचा. पुरुषांनी आणि बायकांनी एकत्र जेवायचं नाही. दोघांच्या जेवणाच्या झोपड्या वेगळ्या, अन्न शिजवण्याच्या भट्ट्या वेगळ्या. स्वयंपाक पुरुष करत, बायकांचाही. बायकांना डुकराचं मांस वर्ज्य, केळी वर्ज्य, नारळ वर्ज्य, काही जातींचे मासे वर्ज्य.

मग बायका खात काय? रताळी, काही मासे, आणि पोई. पोई म्हणजे अळूच्या कंदाचा लगदा. मंडळी, हे अळू म्हणजे आपलंच अळू. आपण पानांच्या वड्या करतो, फतफतं करतो. ते लोक कंद भाजून, कुटून, पाणी घालून त्याची खळ करतात. तिथे भाताच्या जागी अळू आहे.

हे नियम राणीलाही लागू होते. ती सगळ्यात मोठ्या सरदाराची मुलगी असो नाहीतर राजाची बायको, केळं तोंडात घातलं तर गुन्हा. ज्या बाईच्या हाती माणसांच्या जमिनी आणि जीव होते, तिला स्वतःच्या नवऱ्याबरोबर जेवता येत नव्हतं.

गुहेत जन्म, महालात लग्न

काअहुमानूचा जन्म १७६८ च्या सुमाराचा, माउई बेटावरच्या हाना गावी, एका टेकडीतल्या गुहेत. तो काळ बेटाबेटांतल्या लढायांचा. तिचे वडील केएआउमोकू हे मोठे लढवय्ये. ती दहा वर्षांची असेल तेव्हा, १७७८ मध्ये, कॅप्टन कुक याची इंग्रज जहाजं हवाईला आली. पुढच्याच वर्षी, १४ फेब्रुवारी १७७९ ला, केआलाकेकुआच्या किनाऱ्यावर झालेल्या झटापटीत कुक मारला गेला. म्हणजे या मुलीचं सगळं आयुष्य परक्या जहाजांच्या सावलीत गेलं.

तिच्या वडिलांनी एका तरुण सरदाराची बाजू घेतली होती. त्याचं नाव कामेहामेहा. १७८२ च्या लढाईत त्याचा प्रतिस्पर्धी केएआउमोकूंच्याच हातून पडला. या माणसाशी काअहुमानूचं अगदी कोवळ्या वयात लग्न झालं. कामेहामेहाने पुढे तोफा, बंदुका आणि मुत्सद्देगिरी वापरून एकेक बेट जिंकलं, आणि १८१० पर्यंत सगळी हवाई बेटं एका सत्तेखाली आणली. हे याआधी कुणाला जमलं नव्हतं.

कामेहामेहाच्या बायका पुष्कळ होत्या. त्यात कुळाने सगळ्यात उंच होती केओपुओलानी. गादीचे वारस तिच्या पोटी जन्मले. काअहुमानूला मूल झालं नाही. पण राजाची लाडकी ती, आणि राजाच्या कानाशी बोलणारीही तीच.

लाडकी म्हटलं की सगळं गोड असेल असं वाटतं. तसं नव्हतं. तिथे एक कथा सांगतात. नवऱ्याशी भांडून ती घरातून निघाली, पोहत गेली, आणि होनाउनाउ इथल्या शरणस्थळी एका मोठ्या दगडाखाली लपली. शरणस्थळाला तिथे ‘पुउहोनुआ’ म्हणतात. कापू मोडलेला माणूसही तिथे पोहोचला तर त्याला अभय मिळे. तिच्यामागून तिचा कुत्रा आला, तो भुंकला आणि ती सापडली. तो दगड आजही दाखवतात. कथेतलं किती खरं हे सोडून द्या. पण नवरा-बायकोचं बिनसत होतं, याला लेखी आधार आहे. जॉर्ज व्हँकुव्हर हा इंग्रज कप्तान १७९४ मध्ये तिथे होता. दोघं वेगळी राहत होती. त्याने युक्तीने दोघांना आपल्या जहाजावर एकत्र आणलं आणि समेट घडवला. त्याने नोंदवून ठेवलंय, की जहाजावरून उतरण्याआधी काअहुमानूने त्याच्याकडे एक मागणं केलं: घरी गेल्यावर मला मारणार नाही असं माझ्या नवऱ्याकडून कबूल करून घ्या.

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे जी बाई संपूर्ण राज्याचे नियम बदलणार आहे, ती तेव्हा एका परक्या माणसामार्फत एवढंच मागते आहे.

त्याच नवऱ्याने तिला एक असामान्य अधिकारही दिला होता. जशी शरणस्थळं असत, तसं त्याने तिलाच शरणस्थळ केलं. मरणाची शिक्षा झालेला माणूस तिच्यापर्यंत पोहोचला, तर ती त्याचा जीव वाचवू शकत होती. पण स्वतःच्या आवडीच्या माणसाला ती वाचवू शकली नाही. १८०९ च्या सुमारास कानिहोनुई नावाच्या देखण्या तरुणाला तिच्याशी संबंध ठेवल्याबद्दल ठार करण्यात आलं. राजाने तिच्या देहावरही कापू घातला होता. अधिकार आणि बंदी, दोन्ही एकाच हाताने दिलेली. हे तिने जवळून पाहिलं, आणि मला वाटतं, ती हे विसरली नाही.

‘आपण दोघं मिळून’

मे १८१९ मध्ये कैलुआला कामेहामेहा वारला. काही दिवसांनी वारस लिहोलिहो समारंभपूर्वक गावात आला. काअहुमानू त्याला सामोरी गेली. अंगावर मृत राजाचा पिसांचा झगा, हातात भाला. सगळ्यांसमोर तिने जाहीर केलं, की तुझ्या वडिलांची इच्छा अशी, की हे राज्य तू आणि मी मिळून चालवावं. खरोखर राजाने तसं म्हटलं होतं का? साक्षीदार तीच होती. पण भोवती उभे असलेले बहुतेक मोठे सरदार तिच्या नात्यातले किंवा बाजूचे. लिहोलिहोने मान्य केलं.

अशा रीतीने ‘कुहिना नुई’ हे पद तिच्या हाती आलं. पंतप्रधान म्हणावं तर ते कमी पडतं, कारण राजाच्या हुकमाला कुहिना नुईची संमती लागे. सहशासक हा शब्द जवळचा. हे पद पुढे १८६४ पर्यंत टिकलं, आणि काअहुमानूनंतरही त्यावर बायका बसल्या.

आता जेवणाकडे परत येऊ. राजा मेल्यावर शोकाच्या काळात कापू सैल व्हायचे, ही तिथली जुनी रीत. लोक वाटेल ते खात, वाटेल तसं वागत. मग नवा राजा गादीवर बसून कापू पुन्हा लागू करी. म्हणजे नियम मोडण्याची मोकळीक रीतीतच होती, ठराविक दिवसांपुरती. काअहुमानूने काय केलं, तर ते दार परत बंदच होऊ दिलं नाही.

ती एकटी नव्हती. राजाची आई केओपुओलानी, सगळ्यात पवित्र मानली गेलेली बाई, तिच्यासोबत होती. तिने आधी आपल्या धाकट्या मुलाला, कौइकेआओउलीला, शेजारी बसवून जेवू घातलं. थोरला मुलगा कचरत राहिला. महिन्यांमागून महिने गेले. आणि शेवटी ती मेजवानी झाली. मुख्य पुजारी हेवाहेवा हाही या बाजूला आला, आणि मूर्ती जाळण्यात त्याचाच हात पुढे होता.

असं का झालं असावं? एक कारण उघड आहे. चाळीस वर्षं परके लोक बेटांवर येत होते. ते कापू पाळत नव्हते आणि त्यांना काही होत नव्हतं. जहाजांवर गेलेल्या बायका तिथे पुरुषांबरोबर जेवत आणि धडधाकट परत येत. दुसरं कारण राजकारणाचं. मोठे निर्णय युद्धदेवाच्या मंदिरात होत, आणि तिथे बायकांना प्रवेश नव्हता. कापू राहिला असता तर काअहुमानू कुहिना नुई असूनही दाराबाहेर उभी राहिली असती. तिसरं कारण, तो युद्धदेव कामेहामेहाने मरताना आपल्या पुतण्याकडे, केकुआओकालानीकडे, सोपवला होता. देवालाच किंमत उरली नाही, तर त्या पुतण्याच्या हाती काय राहणार?

म्हणून या घटनेला नुसती स्त्रीमुक्तीची कथा म्हणणं मला पुरेसं वाटत नाही, आणि नुसता सत्तेचा डाव म्हणणंही. ज्या बाईला आयुष्यभर वेगळं जेवायला बसवलं, तिला समानता आणि सत्ता या दोन गोष्टी वेगळ्या वाटत असतील का?

केकुआओकालानीने शस्त्र उचललं. डिसेंबर १८१९ मध्ये कुआमोओ इथे लढाई झाली. राजाच्या बाजूचा सेनापती होता कालानिमोकू, काअहुमानूचा नातलग. त्याच्याकडे बंदुका जास्त. केकुआओकालानी पडला. त्याच्या शेजारी लढणारी त्याची बायको मानोनो हीसुद्धा पडली. हे मी मुद्दाम सांगते. जुन्या धर्मासाठी मरणाऱ्यांतही एक बाई होती, आणि कापू मोडल्याचा फायदा ज्यांना होणार होता त्या बायकांपैकीच ती एक.

बोस्टनहून आलेलं जहाज

आता एक विचित्र योगायोग. जेवणाचा हा प्रसंग घडण्यापूर्वीच, ऑक्टोबर १८१९ मध्ये, बोस्टनहून ‘थॅडियस’ नावाचं जहाज हवाईकडे निघालं होतं. त्यात होते ख्रिस्ती मिशनरी: हायरम बिंगहॅम, एसा थर्स्टन आणि त्यांची कुटुंबं. हवाईच्या मूर्ती फोडायला म्हणून ते निघाले. पाच महिन्यांनी, मार्च १८२० च्या अखेरीस, पोहोचले, तर मूर्ती आधीच जळालेल्या. आजही पुष्कळांना वाटतं, की कापू मिशनऱ्यांनी मोडला. तसं नाही. तो हवाईच्या लोकांनी, हवाईच्या कारणांसाठी मोडला.

इथे मराठी ऐकणाऱ्यांसाठी एक खरा धागा आहे. या मिशनऱ्यांना धाडणारी बोस्टनची संस्था म्हणजे अमेरिकन बोर्ड. याच बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईत उतरले होते. आपण ज्याला अमेरिकन मराठी मिशन म्हणतो, ते हेच. त्यांनी मुंबईत छापखाना काढला, मराठी शिकून मराठीत छापलं, मुलींसाठी शाळा काढली. अहमदनगरला मुलींची शाळा चालवणाऱ्या सिंथिया फरार बाई याच बोर्डाच्या, ज्यांच्या शाळेचं काम जोतीराव फुल्यांनी पाहिलं होतं. म्हणजे एकाच संस्थेची माणसं एकाच काळात मराठीचे आणि हवाई भाषेचे खिळे जुळवत होती. फरक एवढाच, की मराठीला लिपी आणि शतकांचं साहित्य होतं. हवाईला तोवर लेखनच नव्हतं. सगळं पाठांतरावर होतं: वंशावळी, मंत्र, गाणी. मिशनऱ्यांनी रोमन लिपीतली अक्षरं निवडली, आणि १८२६ मध्ये ती बारावर पक्की झाली. पाच स्वर, सात व्यंजनं.

सुरुवातीला काअहुमानूने या पाहुण्यांना फारसं विचारलं नाही. भेटायला गेले तर हस्तांदोलनाला फक्त करंगळी पुढे करायची. १८२१ च्या अखेरीस ती गंभीर आजारी पडली, तेव्हा बिंगहॅम यांच्या पत्नी सिबिल तिच्या उशाशी बसल्या. तिथून सूर बदलला. जानेवारी १८२२ मध्ये होनोलुलूत हवाई भाषेतलं पहिलं पान छापलं गेलं. त्याच वर्षी ती वाचायला शिकली. ती पत्ते खेळत असताना बिंगहॅम दांपत्य बाराखडीचं पुस्तक घेऊन गेलं, तिने पत्ते खाली ठेवले आणि अक्षरं म्हणायला लागली, असं बिंगहॅम यांनी लिहून ठेवलंय. तेव्हा ती पन्नाशी ओलांडलेली होती.

वाचता येणं म्हणजे काय, हे तिला झटकन कळलं असावं. परके व्यापारी कागदावर आकडे लिहीत आणि तिचे सरदार त्याखाली खूण करून कर्जात बुडत. ती भाषा आपल्याकडे असलीच पाहिजे.

एकटीचं राज्य

१८२१ मध्ये तिने आणखी एक काम केलं. कौआई बेटाचा राजा कौमुआलिई नावापुरता मांडलिक होता. लिहोलिहोने त्याला जहाजावर बोलावलं आणि तसंच ओआहू बेटावर आणलं. तिथे काअहुमानूने त्याच्याशी लग्न केलं. एवढ्यावर थांबली नाही. त्याच्या मुलाशीही केलं. ऐकायला विचित्र वाटेल, पण राजघराण्यांची लग्नं म्हणजे तह असतात, हे आपल्या इतिहासालाही नवीन नाही. फक्त इथे लग्न करणारी बाई होती.

नोव्हेंबर १८२३ मध्ये लिहोलिहो राणी कामामालूसह इंग्लंडला गेला. लंडनमध्ये दोघांना गोवर झाला. जुलै १८२४ मध्ये, काही दिवसांच्या अंतराने, दोघंही गेली. ज्या रोगाशी त्यांच्या बेटांची ओळखच नव्हती, त्याने राजा-राणीला नेलं. मे १८२५ मध्ये इंग्रज युद्धनौकेने त्यांचे देह परत आणले. गादीवर आला कौइकेआओउली, तोच मुलगा ज्याला आईने शेजारी बसवून जेवू घातलं होतं. तो अकरा-बारा वर्षांचा. राज्य चालवणारी होती काअहुमानू, आता राजप्रतिनिधी म्हणून.

१८२४ मध्ये तिने कायदे पुकारले: खून नको, चोरी नको, मारामारी नको, रविवार पाळा, आणि शाळा निघाल्या की सगळ्यांनी वाचायला शिका. ‘सगळ्यांनी’ हा शब्द नीट ऐका. सरदारांनीही आणि शेत कसणाऱ्यांनीही. मोठी माणसं शाळेत बसू लागली. १८३१ च्या सुमारास शाळांमधली संख्या ५०,००० च्या आसपास गेली होती, आणि बेटांची एकूण वस्ती तेव्हा साधारण १,३०,००० होती.

५ डिसेंबर १८२५ ला तिने बाप्तिस्मा घेतला आणि एलिझाबेथ हे नाव घेतलं. त्याच सुमारास बायकांना वेश्याव्यवसायासाठी जहाजांवर जाण्याची बंदी झाली. बंदरातले खलाशी खवळले. लाहाइना आणि होनोलुलूत दंगे झाले, मिशनऱ्यांच्या घरांवर हल्ले झाले. फेब्रुवारी १८२६ मध्ये तर अमेरिकी युद्धनौकेच्या कप्तानानेच बंदी उठवावी म्हणून दबाव आणला. त्या काळी एका छोट्या देशाने तोफांच्या तोंडासमोर आपला कायदा टिकवण्याचा प्रयत्न करणं सोपं नव्हतं.

चंदनाची किंमत

आता तिच्या राज्याची दुसरी बाजू. हवाईच्या डोंगरांत चंदन होतं, आपल्या म्हैसूरच्या चंदनाचंच भावंडं. ते चीनच्या कँटन बंदरात विकलं जाई. सरदारांनी परक्या व्यापाऱ्यांकडून जहाजं, रेशीम, दारू, भांडी उधारीवर घेतली आणि चंदन देण्याचं कबूल केलं. कर्ज वाढत गेलं. १८२६ मध्ये अमेरिकेची युद्धनौका वसुलीच्या मागण्या घेऊन आली. त्या वर्षाच्या अखेरीस कर बसला: प्रत्येक पुरुषाने अर्धा पिकुल, म्हणजे सुमारे तीस किलो चंदन द्यायचं, नाहीतर चार स्पॅनिश डॉलर; आणि प्रत्येक बाईने बारा फूट लांब, सहा फूट रुंद अशी चटई, किंवा तेवढ्या मोलाचं सालीचं कापड, किंवा एक डॉलर.

कर्ज केलं सरदारांनी, आणि डोंगर चढले साधे लोक. त्यांना तिथे ‘माकाआइनाना’ म्हणतात. आठवडेच्या आठवडे शेतं सोडून ते जंगलात राहत, पाठीवर लाकूड लादून खाली आणत. पुढच्या काही वर्षांत चंदनाची जंगलं जवळपास संपली. त्याच डिसेंबरात हवाई आणि अमेरिका यांच्यात पहिला करार झाला, आणि त्यावर काअहुमानूची सही आहे. ज्या करारावर तिने सही केली, तो अमेरिकेच्या सेनेटने कधी मंजूर केला नाही.

आणि कापू? जेवणाचे कापू गेले, पण नवे आले. १८२७ मध्ये फ्रान्सहून कॅथलिक धर्मगुरू आले. काअहुमानूला ते नको होते. दोन ख्रिस्ती पंथ म्हणजे दोन गट, आणि दोन गट म्हणजे पुढचा केकुआओकालानी, असा तिचा हिशोब असावा. कॅथलिक झालेल्या हवाई लोकांना तुरुंगात टाकलं, सक्तीची मजुरी करायला लावली. १८३१ च्या अखेरीस धर्मगुरूंना जहाजात बसवून कॅलिफोर्नियाला धाडलं. १८३० मध्ये तिने सार्वजनिक ठिकाणच्या हुला नाचावर बंदी घातली. हुला म्हणजे पर्यटकांसमोरचा नाच नव्हे. ती त्या लोकांची स्मृती होती, देवांच्या आणि पूर्वजांच्या गाण्यांची शाळा.

१८२९ मध्ये ती होनाउनाउला गेली. तरुणपणी जिथे ती लपली होती असं सांगतात, तेच शरणस्थळ. तिथल्या मंदिरात जुन्या राजांच्या अस्थी होत्या. ते मंदिर तिने उतरवलं आणि अस्थी दुसरीकडे नेऊन लपवल्या.

मला या बाईची बाजू घेताना इथे अडखळायला होतं. केळं खाण्यासाठी ज्या बाईला मरणाची भीती होती, तिने दुसऱ्यांना प्रार्थना कशी करावी यावरून तुरुंगात घातलं. काही अभ्यासक म्हणतात, ती मिशनऱ्यांच्या हातातलं बाहुलं झाली. मला ते पटत नाही. बाहुली तहावर सह्या करत नाहीत आणि तोफांसमोर उभी राहत नाहीत. तिने जे केलं ते स्वतःच्या बुद्धीने केलं, चांगलंही आणि वाईटही. वाईटाचा दोष दुसऱ्यांवर टाकला, तर चांगल्याचं श्रेयही तिच्याकडे उरत नाही.

लाल चामड्याचं पुस्तक

१८३२ च्या जून महिन्यात होनोलुलूजवळच्या मानोआ खोऱ्यात ती अंथरुणाला खिळली. आपल्याकडे मुंबईत ‘दर्पण’ सुरू झालं तेच हे साल. हवाई भाषेतला नवा करार नुकताच छापून होत होता. पहिली प्रत लाल चामड्यात बांधून, त्यावर सोन्याच्या अक्षरांत तिचं नाव घालून तिच्या हातात दिली. तिने ती उलटून पाहिली आणि छातीशी धरली. ५ जून १८३२ ला ती गेली. वय चौसष्टच्या आसपास.

तिच्यानंतर हवाईचं काय झालं हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. १८३९ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा हुकूम निघाला. १८४८ मध्ये जमिनीची नवी वाटणी झाली आणि हळूहळू जमीन परक्या ऊसमळेवाल्यांकडे गेली. १८९३ मध्ये शेवटच्या राणीला, लिलिउओकालानीला, पदच्युत केलं गेलं. तो कट करणाऱ्यांत मिशनऱ्यांचे वंशज होते. म्हणून आज हवाईत काअहुमानूचं नाव निघालं, की सगळ्यांच्या मनात एकच भावना येत नाही. महामार्गाला तिचं नाव आहे, माउईवरच्या चर्चला आहे, १८६४ पासूनच्या एका महिला संस्थेला आहे. आणि तिनेच दार उघडलं म्हणणारेही आहेत.

पण १८९७ सालातली एक गोष्ट सांगून मी थांबते. अमेरिकेने हवाई गिळायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या लोकांनी निषेधाचे अर्ज काढले. बेटोबेटी सभा झाल्या. २१,००० हून जास्त माणसांनी सह्या केल्या. आपल्या हाताने, आपल्या भाषेत नाव लिहून, वय लिहून. बायकांच्या सह्यांची पानं वेगळी होती, आणि तीही भरलेली होती. हे कागद वॉशिंग्टनला नेले गेले, आणि त्या वेळी सेनेटमध्ये विलीनीकरणाचा तह नापास झाला. पुढच्या वर्षी अमेरिकेने दुसरा मार्ग काढून बेटं घेतलीच. पण ते कागद राहिले. जवळपास शंभर वर्षांनी ते अभिलेखागारात पुन्हा सापडले, तेव्हा लोक त्यांत आपल्या पणजोबा-पणजीची नावं शोधू लागले.

त्या सह्या करणाऱ्यांना लिहिता येत होतं, कारण त्यांच्या आजी-आजोबांना सक्तीने शाळेत बसवलं गेलं होतं. काअहुमानूबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं सॅम्युअल कामाकाऊ आणि जॉन पापा ईई या हवाई लेखकांनी हवाई भाषेतल्या वर्तमानपत्रांत लिहिलं म्हणून माहीत आहे. तेही त्याच शाळांतून आलेले. तिने हुला बंद केला आणि वाचन सुरू केलं. एका हाताने स्मृती पुसली आणि दुसऱ्या हाताने ती लिहून ठेवायची सोय केली. यातलं काय जास्त वजनाचं, हे तुम्ही ठरवा. मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुमच्या घरी, तुमच्या गावात, बायकांनी कुठे बसून आणि कुणाच्या नंतर जेवायचं, याचे नियम कोणत्या पिढीत मोडले, कुणी मोडले, आणि त्या मोडणाऱ्या बाईने पुढे सुनांना काय वागवलं, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून बघा. मिळालेलं उत्तर खाली लिहा.